पाटीवरचे ६५ आणि माझे ६५: विलीज एमबीबरोबर हायवेवर ११ महिने

माझ्याकडे विलीज एमबी आहे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी लष्करी जीप. तिच्या ग्लोव्हबॉक्सच्या झाकणावर एक पाटी आहे. कुठल्या गिअरमध्ये जास्तीत जास्त किती पळवायची, ते तिच्यावर दिलंय. हाय रेंजमध्ये, म्हणजे नेहमीच्या रस्त्यासाठीच्या गिअरसंचात, पहिल्याला २४, दुसऱ्याला ४१, तिसऱ्याला ६५. हे मैल आहेत, म्हणजे तिसऱ्याला ताशी जवळपास १०५ किलोमीटर. गंमत म्हणजे समोरचा स्पीडोमीटर ६० मैलांवरच संपतो. गाडी घेतली तेव्हा मी ती पाटी वेदवाक्य मानली होती. आज ११ महिने आणि ९,००० किलोमीटरनंतर माझाही आकडा ६५च आहे, फक्त किलोमीटरमध्ये.

गाडी १९४३ची. 'ओरिजिनल आहे का?' हा प्रश्न दर थांब्याला येतो, म्हणून आधीच सांगतो: नाही. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल नळीचा आहे, म्हणजे चासी विलीजची. फोर्डने हीच जीप जीपीडब्ल्यू नावाने बनवली, तिला तिथे चौकोनी दांडा असतो. पण बॉडीचे निम्मे बोल्ट उलटून पाहिले तर डोक्यावर फोर्डचा 'एफ' निघतो. युद्धकाळात दोन्ही कंपन्यांनी मिळून ६ लाखांवर जीपा बनवल्या आणि सुटे भाग एकमेकांना बसतील असेच ठेवले. त्यानंतरच्या ८० वर्षांत कुणी कुणाचं काय काढून कुठे लावलं, याचा हिशेब लागणं शक्य नाही. मला त्याचं दुःखही नाही.

इंजिन २.२ लिटरचं, चार सिलिंडर, ६० अश्वशक्ती. विलीजचा मुख्य अभियंता बार्नी रूस याने प्रवासी मोटारीचंच इंजिन सुधारून हे केलं आणि 'गो डेव्हिल' हे नाव त्याला चिकटलं. ताकद कमी पडते असं मला एकदाही वाटलं नाही. चढावर तर आश्चर्य वाटतं. अडचण वेगळीच आहे. सिलिंडरचा व्यास ७९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १११, म्हणजे दर फेऱ्याला पिस्टनला दोनदा १११ मिलिमीटर धावावं लागतं. त्यात तिसरा गिअर थेट आणि ॲक्सलचं गुणोत्तर ४.८८. ६५च्या वेगाला इंजिन मिनिटाला २,४०० फेऱ्यांच्या आसपास फिरतं, ८५ला ३,१००च्या वर जातं. चौथा गिअर नाहीच. पहिल्या लांबच्या प्रवासात मी हुरूपाने तासभर ८५ धरली. पाण्याचा काटा चढला, ऑइल दर ७०० किलोमीटरला लिटरभर संपू लागलं आणि उतरल्यावर अर्धा तास मला समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येईना. ६५ला तेच ऑइल निम्म्याहून कमी जातं. पेट्रोल लिटरला सात किलोमीटर, फार नखरे केले तर साडेसात. टाकी ५७ लिटरची, म्हणजे कागदावर ४०० किलोमीटर. मी ३००लाच भरतो.

ही टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. पेट्रोल भरायचं तर आपण उतरायचं, गादी उचलायची आणि झाकण उघडायचं. पंपावरचा मुलगा नळी हातात धरून गाडीभोवती फिरत असतो, त्याला सीट दाखवली की त्याला चेष्टाच वाटते. प्रत्येक वेळी. आता मला त्यातही मजा येते.

ओव्हरड्राइव्ह, म्हणजे त्याच वेगाला इंजिनचे फेरे कमी करणारा जादा गिअर, बसवा, असं सगळे सांगतात. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, म्हणजे ट्रान्सफर केसच्या मागे, जिथे पीटीओ (बाहेरचं यंत्र चालवायची जोडणी) बसतो तिथे, तो बसतो आणि फेरे साधारण पाव हिश्श्याने कमी करतो. एका मित्राच्या गाडीला आहे, मी दिवसभर चालवून पाहिली. ८०ला इंजिन असं शांत, जणू ६० चाललंय. आणि मला भीती वाटली ती तिथेच. इंजिनची कुरकुर थांबली की आपण नकळत ८० धरतो, ब्रेक मात्र १९४३चेच असतात.

ब्रेकबद्दल जरा सविस्तर, कारण हायवेवरचा खरा प्रश्न हाच आहे. चारही चाकांना ९ इंची ड्रम, पायाच्या जोराला मदत करणारा बूस्टर नाही, आणि सगळ्या हायड्रॉलिकला मिळून एकच सर्किट. कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर गळला की चारही चाकांचा ब्रेक गेला. ६५ऐवजी ८५ने चाललात तर थांबवायची ऊर्जा जवळजवळ पावणेदोनपट होते, आणि तेवढी उष्णता त्या चार छोट्या डब्यांनी झेलायची. तिसऱ्या महिन्यात एका लांब घाटात मी उताराला तिसऱ्यातच होतो, पाय ब्रेकवर. पाचव्या-सहाव्या वळणाला करपट वास आला. पुढच्या वळणाला पेडल घट्ट होतं, पण गाडी काही ऐकेना. लायनर (ड्रमवर घासणारे ब्रेकचे पट्टे) तापून पकड सोडतात, हे वाचून माहीत होतं. पायाला पहिल्यांदा कळलं. दुसरा टाकला, इंजिनने ओढून धरली आणि निभावलं. त्या दिवसापासून उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा. दुसऱ्या-तिसऱ्याला सिंक्रो, म्हणजे दातांचा वेग जुळवून घेणारी सोय आहे, पहिल्याला नाही. पहिला हवा असेल तर जवळपास थांबूनच टाकायचा, नाहीतर दात दळल्याचा आवाज अख्ख्या घाटाला ऐकू जातो. हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका. त्याचा पट्टा चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर आवळतो. चालत्या गाडीत ओढला तर सगळा झटका प्रोपेलर शाफ्टला बसतो.

घाट उतरल्यावर चारही ड्रम काढले. मागच्या डाव्या चाकाच्या सिलिंडरचं रबर ओलं होतं. अजून गळती नव्हती, नुसता ओलसरपणा. गाडी विकणाऱ्याने 'ब्रेकचं काम नुकतंच केलंय' असं सांगितलं होतं. लायनर नवे होते हे खरं, रबरं कुणी बघितलेलीच नव्हती. तेव्हा घेणाऱ्यांनो, ब्रेकचं काम केलंय म्हणजे नेमकं काय केलंय, हे विचारा आणि स्वतः उघडून बघा.

स्टिअरिंगची गोष्ट लांब आहे, थोडक्यात सांगतो. पुलाच्या सांध्यावरून ६०ने गेलं की कधीकधी पुढची चाकं थरथरायला लागतात आणि हातातलं चक्र पिसाळतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरून आवळून धरलं. त्याने काही होत नाही. वेग कमी केला की आपोआप थांबतं. या गाडीत पुढची दोन चाकं जोडणारा एक लांब टाय रॉड नाही, दोन तुकडे मधल्या बेलक्रँकला, म्हणजे खिळीवर फिरणाऱ्या तरफेला, येऊन मिळतात, त्यामुळे ढिलाईला जागा बऱ्याच: बेलक्रँकचं बेअरिंग, रॉडची चारही टोकं, चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनच्या बेअरिंगचा ताण, स्प्रिंगच्या पाट्यांचे शॅकल. मी आधी चाकं बॅलन्स केली, मग टोकं बदलली, पैसे आणि दोन आठवडे घालवले. दोष बेलक्रँकमध्ये होता. मिस्त्रीने एका हाताने हलवून दाखवला आणि काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

टायर जुन्या लष्करी नक्षीचे, ६.००-१६, क्रॉस-प्लाय, म्हणजे आतले धागे तिरके एकमेकांवर टाकलेले, जुन्या पद्धतीचे. रात्रभर उभी राहिली की टायर तळाशी चपटतात आणि सकाळी पहिले चार-पाच किलोमीटर गाडी धबधब उड्या मारत जाते. मग गरम होऊन गोल होतात. ही नक्षी चिखलासाठी आहे. ओल्या डांबरावर तिचा फारसा भरवसा नाही. पावसात मी ५०च्या वर जात नाही, आणि ओलं आहे म्हणून डांबरावर फोर-व्हील कधी टाकत नाही. पुढच्या-मागच्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शिअल नसल्याने पुढचं-मागचं एकमेकांशी भांडतं आणि लिव्हर अडकून बसतो. आणखी एक, हे मात्र मनावर घ्या: रिम लढाऊ प्रकारची असेल तर ती दोन अर्ध्या भागांची, बोल्टांनी जोडलेली असते. टायरमधली सगळी हवा काढल्याशिवाय त्या बोल्टांना पाना लावू नका. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने ही रिम पाहिलेली नसते. आपण शेजारी उभं राहायचं.

उन्हाळ्यातला त्रास म्हणजे व्हेपर लॉक. पेट्रोल पंप इंजिनला चिकटून, गरम मॅनिफोल्डच्या बाजूलाच आहे, आणि तो टाकीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीत दाब कमी होतो, त्यात आजचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लवकर उकळतं, नळीत वाफ होते आणि गाडी गचके देत बंद पडते. जेवायला थांबून पुन्हा निघालं की दहा मिनिटांनी हमखास. माझा उपाय म्हणजे पंपावर ओलं फडकं आणि पंपाखालची हाताने दाबायची दांडी. थांबल्यावर बॉनेट उघडं ठेवायचं. टाकीजवळ विजेवरचा पंप बसवून पेट्रोल ढकललं तर प्रश्न मुळातूनच सुटतो, पण ६ व्होल्टचा पंप मागवावा लागतो. वीज अजून ६ व्होल्टच ठेवलीय. लोक नावं ठेवतात. माझ्या अनुभवात जाड केबल आणि चासीचे सांधे घासून लख्ख केले की स्टार्टर मुकाट्याने फिरतो. दिव्यांचं म्हणाल तर मी अंधारात चालवतच नाही.

स्टिअरिंग डावीकडे, रहदारीही डावीकडूनच. ट्रकच्या मागे गेलं की पुढचं काहीच दिसत नाही. म्हणून उजव्या सीटवर माझा भाचा असतो आणि डोकं बाहेर काढून हाक देतो. आमची भाषा ठरलीय. 'मामा, थांब' म्हणजे थांब. 'मामा, बघ' म्हणजे त्यालाही खात्री नाही, म्हणजेच थांब. 'मामा, चल!' हे दिवसातून फार तर दहा वेळा. बाकी वेळ आम्ही डाव्या लेनमध्ये, मागे रांग झाली की बाजूला घेतो, जाऊ देतो.

पाठीचं काय होतं, हेही बरेच जण विचारतात. पाठ सरळ उभी, गादी पातळ, गिअरबॉक्सची ऊब पिंढऱ्यांना. दीड तासाने उतरायचंच. कानात बोळे आम्ही दोघेही घालतो. दारं नाहीत, म्हणून कमरेचे पट्टे बसवले, खाली जाड पत्रा देऊन, नाहीतर तो बोल्ट बॉडीच्या पातळ पत्र्यातून निघून येईल. काच पुढे आडवी पाडून चालवणं फोटोपुरतं. ६०च्या वेगाने एक भुंगा कपाळावर बसला की हौस फिटते.

देखभाल किती? लांबच्या प्रवासात रोज सकाळी अर्धा तास. ग्रीस दर ८०० किलोमीटरला. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस, दोन्हींचं ऑइल बघायचं, कारण मधल्या सीलमधून ते एकातून दुसऱ्यात सरकतं. एक भरलेलं दिसलं म्हणून दुसरंही भरलेलं असेल असं धरायचं नाही. ऑइल फिल्टर बायपास पद्धतीचा आहे, सगळं ऑइल त्यातून जातच नाही, म्हणून मी १,५०० किलोमीटरला ऑइल बदलून मोकळा होतो.

सध्या प्रश्न एकच अडकलाय. दुहेरी सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोचवणारा) मागवलाय, म्हणजे एक सर्किट गेलं तरी दुसरं राहील. येऊन दोन महिने झाले. तो बसवायचा तर मूळ ब्रॅकेट कापावं लागेल, आणि ते ब्रॅकेट गाडीतल्या ज्या थोड्या वस्तू निःसंशय विलीजच्या आहेत त्यातलं आहे. भाचा म्हणतो, काप. मिस्त्री म्हणतो, कापू नका, नवं ब्रॅकेट बनवून देतो, पण त्याची तारीख दर आठवड्याला पुढे जाते. पुढचा प्रवास पावसाळा संपल्यावर आहे, वाटेत दोन घाट आहेत. खोकं टेबलाखाली तसंच पडलंय.