पक्षीथांबे, ट्रायकोकार्ड आणि एचएनपीव्ही: जून ते फेब्रुवारी वापरल्यानंतर

कृषी सेवा केंद्रात ट्रायकोकार्ड (मित्रकीटक वाढत असलेल्या अंड्यांचं कार्ड), कामगंध सापळे (गंधानं नर पतंग ओढणारे) आणि एचएनपीव्ही या अळ्या मारणाऱ्या विषाणूची बाटली एकाच फळीवर असते. घेणारा फवारणीच्या औषधाच्या हिशोबानंच ती घेतो: कीड दिसली, आणलं, वापरलं, आता चार दिवसांत निकाल दाखवा. पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायला रोवलेल्या काठ्या, तर विकत घ्यावेच लागत नाहीत, म्हणून ते कुठंही ठोकले जातात. सोयाबीन, कापूस, तूर आणि हरभरा अशा चार पिकांत हा संच पूर्ण हंगाम वापरल्यावर एक गोष्ट पक्की कळते. यातली प्रत्येक वस्तू म्हणजे अन्नसाखळीतल्या कुणातरी खाणाऱ्याला दिलेलं जेवणाचं बोलावणं आहे. घरात वाढायला काही नसेल तर पाहुणा थांबत नाही.

आधी थांबे. प्रमाण एकरी 20, इंग्रजी टी अक्षरासारखे. उंचीत बहुतेकांचं चुकतं. थांबा पिकाच्या वर किमान फूटभर दिसला पाहिजे. हरभऱ्यात जमिनीवर 3 फूट राहणारी काठी पुरते, पण सोयाबीनमध्ये लावलेली तीच काठी शेजारच्या तुरीच्या पट्ट्यात ऑक्टोबरपर्यंत बुडून जाते. तुरीसाठी 7 ते 8 फुटी काठी सुरुवातीलाच रोवा. बदनापूर कृषी संशोधन केंद्राच्या बीडीएन 711 सारख्या लवकर येणाऱ्या तुरीच्या वाणाला फुलंही लवकर लागतात, तिथं थांबे लावायला दिवाळीची वाट पाहू नये. आडवी काठी खरबरीत हवी. बोराटी, बाभळीची फांदी किंवा जाड तुऱ्हाटी चालते. गुळगुळीत बांबूवर पक्ष्याची पकड बसत नाही. काळ्या रानात दीड फूट खड्डा घेऊन माती ठोकून बसवली नाही तर पहिल्या मोठ्या पावसातच थांबे कलंडतात. बुडख्याला वाळवी लागते. ते टोक जाळून काळं करून रोवलं तर हंगाम निघतो.

यावर बसतात कोतवाल, वेडा राघू, खाटीक, साळुंकी आणि नीलपंख. सोयाबीनमधली हिरवी उंटअळी दिवसाढवळ्या पानावर असते, ती पक्ष्यांना सापडते. तंबाखूवरची पानं खाणारी अळी (ती सोयाबीनवरही येते) मोठी झाली की दिवसा जमिनीलगत लपते आणि रात्री खाते, त्यामुळे तिथं थांब्यांचा उपयोग कमी. कापसातल्या गुलाबी बोंडअळीवर तर जवळपास शून्य, कारण ती अंड्यातून निघताच पात्यात (कापसाच्या कळीत) किंवा बोंडात शिरते. कोतवालाला बोंड फोडता येत नाही. उघड्यावर खाणाऱ्या अळीसाठीच थांबा आहे, हे आधी कळलं तर पुढची निराशा टळते. आणि कोतवाल, वेडा राघू मधमाश्याही खातात. तुरीच्या ऐन फुलोऱ्यात बांधावर मधपेट्या ठेवल्या असतील तर पेट्यांजवळचे थांबे काढून घ्यावेत.

'20 थांबे लावले, पक्षी चारच दिसतात' ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. चारच दिसणार. 1942 साली रेमंड लिंडेमन यांनी अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या एका तळ्यावरून जो ऊर्जेचा हिशोब मांडला, तो वावरालाही लागू पडतो: एका पायरीवरची ऊर्जा वरच्या पायरीला ढोबळमानानं दहावा हिस्साच मिळते, बाकीची हालचालीत, श्वसनात आणि उष्णतेत जाते किंवा न खाता मागं राहते. 1,000 किलो पाल्यावर 100 किलो अळ्या, त्या 100 किलोंवर 10 किलो खाणारे. पक्ष्यांचा वाटा तर आणखी बारीक. अंग गरम ठेवण्यातच त्यांची बहुतेक ऊर्जा जळते, खाल्लेल्यातलं शेकडा एक-दोनच अंगी लागतं. आपल्या फायद्याचं ते हेच. थोडे पक्षी, पण दिवसभर खात राहणारे. थांब्यांची संख्या वाढवून पक्षी वाढत नाहीत, थांबे त्यांना फक्त रानभर पसरवतात. पक्षी येतात ते बांधावरच्या लिंब, बाभूळ आणि पळसावरून. झाडं तोडून मोकळ्या केलेल्या बांधाला 20 काय, 50 थांबेही रिकामेच राहतील.

सगळ्यात नाजूक वस्तू ट्रायकोकार्ड. तांदळावरच्या पतंगाच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा या अर्ध्या मिलिमीटरच्या गांधीलमाशीनं स्वतःची अंडी घातलेली असतात आणि ती कार्डावर चिकटवलेली असतात. एका कार्डावर साधारण 20,000. कापसाला एकरी 3 कार्डं, हेक्टरी दीड लाख अंड्यांचा हिशोब. 3 कार्डांच्या सुमारे 40 पट्ट्या कापाव्यात, दर 10 मीटरवर एक, पानाच्या खालच्या बाजूला टाचणीनं किंवा स्टेपलरनं, अंड्यांची बाजू सावलीत येईल अशी. वेळ संध्याकाळची.

घेताना रंग पाहा. काळी अंडी म्हणजे आत माशी तयार होते आहे. पांढरट अंडी जास्त असतील तर त्यांत काहीच नाही. बारीक भोकं दिसली तर माश्या दुकानातच उडून गेल्या. कार्डावर माशी बाहेर पडण्याची तारीख असते, ती पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. दुचाकीच्या डिकीत ठेवून भर दुपारी 30 किलोमीटर आणलेलं कार्ड मेलेलंच समजावं. बर्फाच्या डब्यात आणा, पण बर्फाला टेकवू नका.

शेतात पहिला शत्रू मुंगी. एका रात्रीत पट्टी चाटूनपुसून साफ होते, आणि शेतकरी समजतो माश्या निघाल्या. पट्टीच्या पानाच्या देठाला ग्रीसचं बोट फिरवलं की हा प्रश्न संपतो. दुसरा शत्रू आपणच: आधीचे आणि नंतरचे आठ-दहा दिवस रासायनिक फवारणी केली तर कार्डाचे पैसे वाया. तिसरी चूक वेळेची. कापसात कार्डं पाते लागल्यापासून, सापळ्यात गुलाबीचे पतंग दिसू लागताच लावायची आणि आठवड्याच्या अंतरानं तीन-चार वेळा. सलग 3 रात्री एका सापळ्यात रोज 8 पतंग ही फवारणीच्या निर्णयाची पातळी आहे. तिथवर थांबलात तर अळ्या बोंडात गेलेल्या असतात, आणि ट्रायकोग्रामा फक्त अंडं ओळखते. सापळे एकरी 2, कामगंध गोळी तीन-चार आठवड्यांनी बदला. सापळ्यात नरच येतात. तो मोजायचा काटा आहे, कीड संपवायचं यंत्र म्हणून त्याच्याकडे पाहू नका. आणि डोमकळ्या (अळीनं आतून मिटवलेली फुलं) तोडून नष्ट करणं हे कार्ड लावूनही सुटत नाही.

हरभऱ्यात ट्रायकोकार्ड लावू नका. हरभऱ्याच्या पानावरची आंब मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लांची असते, एवढीशी माशी त्या चिकट केसांत टिकत नाही. तुरीच्या शेंगांवरही असाच चिकटपणा, तिथंही परिणाम फिका. या दोन्ही पिकांत घाटेअळीवर काम करतो तो एचएनपीव्ही.

तो एकरी 200 एलई, 200 लिटर पाण्यात. एलई म्हणजे एका रोगट अळीतून मिळणाऱ्या विषाणूइतकी मात्रा. सोबत गूळ आणि थोडी नीळ, कारण उन्हातले अतिनील किरण विषाणू मारतात. फवारणी सूर्यास्ताच्या सुमारास. अळीनं तो पाल्यासोबत खाल्ला पाहिजे, अंगावर पडून काही होत नाही. म्हणून फवारा पानांवर, फुलांवर आणि घाट्यांवर नीट बसू द्या. लहान, बोटाच्या पेरापेक्षा कमी लांबीच्या अळ्यांवरच तो वेळेत चालतो आणि मरायला चार ते सात दिवस लागतात. दुसऱ्या दिवशी जिवंत अळ्या पाहून वरून कडक औषध मारणारे पैसे दोनदा घालवतात. पाचव्या-सहाव्या दिवशी शेंड्याला उलट्या लटकलेल्या, काळ्या पडलेल्या अळ्या दिसल्या की काम झालं. त्या फुटून विषाणू खालच्या पानांवर पसरतो. पिसारी पतंग, शेंगमाशी यांच्यावर तो अजिबात चालत नाही. तुरीत शेंगमाशी जास्त असेल तर त्यासाठी वेगळी सोय हवी.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, खाणाऱ्यांचा शिधा. शेत किडीपासून 'शंभर टक्के स्वच्छ' ठेवण्याच्या नादात ढालकिडे, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा मित्रकीटक) आणि कोळी उपाशी निघून जातात, आणि नंतर आलेल्या किडीला अडवायला कुणी उरत नाही. कापसाभोवती चवळीची ओळ लावा. चवळीवर जो काळा मावा येतो तो कापसावरच्या माव्याहून वेगळा असतो, पण ढालकिड्याला दोन्ही चालतात. चवळीवर तो आधी वाढतो, मग कापसात उतरतो. चवळी काळी झाली म्हणून तिच्यावर औषध मारणं म्हणजे कोठार पेटवणं. मित्रकीटक मोजताना दोन किडींमागे एक भक्षक दिसत असेल तर हात आवरता येतो. हरभऱ्यात कोथिंबिरीच्या ओळी द्या. तिच्या फुलांवर घाटेअळीच्या अंगात अंडी घालणारी कँपोलेटिस माशी जगते.

जून-जुलैत कीड नसते, तेव्हा हे भक्षक काय खातात? कुजणाऱ्या पाल्यावर जगणारे बारीक जीव. रानातली बरीचशी ऊर्जा हिरव्या पानातून अळीकडे जातच नाही, गळलेल्या पानातून मातीत जाते. तुरीचा गळलेला पाला रानातच राहू द्यावा. पऱ्हाटीचं (कापसाच्या वाळल्या झाडांचं) मात्र उलट: तिच्या बोंडांत गुलाबी अळी दडते, म्हणून फरदड (वेचणीनंतरही रानात ठेवलेला कापूस) न ठेवता, डिसेंबरअखेर रान मोकळं करून पऱ्हाटीचा भुगा कंपोस्टला लावा.

रात्री याच थांब्यांवर पिंगळा बसतो आणि उंदीर उचलतो. ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशकाच्या वड्या टाकल्या असतील तर विष खाल्लेला उंदीर त्याच्या पोटात जातो. थांबे असलेल्या रानात ही वडी टाळा.

थांबे काढण्याची वेळ लावण्याइतकीच महत्त्वाची. तुरीच्या शेंगा भरल्या की पोपट येतात. शेजारी रब्बी ज्वारी निसवत असेल तर हिवाळ्यातल्या भोरड्यांचे थवे अळ्यांबरोबर दाणेही नेतात, आणि मग थांब्याखाली गोफण घेऊन उभं राहावं लागतं. दाणा भरायला लागताच काठ्या उपटून गोठ्याच्या छपरात टाका, पुढच्या साली कामी येतात.

उन्हाळी नांगरट उजेडी करा. घाटेअळीचे कोष जमिनीत काही इंच खोल असतात. सकाळी नांगरामागे गायबगळे आणि साळुंक्या ते टिपत चालतात. भाड्याचा ट्रॅक्टर रात्री मिळाला तर वर आलेले कोष टिपायला पहाटेपर्यंत कुणी नसतं. पाठोपाठ रोटाव्हेटर फिरला की त्यातले बरेच पुन्हा ढेकळांखाली जातात.