न्यू जर्सीतील हॉस्पिटलिस्ट सेवा : आईच्या न्यूमोनियाच्या निमित्ताने

साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेली माझी आई (वय 74) फेब्रुवारीत न्यूमोनियाने आजारी पडली आणि तिला न्यू जर्सीतील एका रुग्णालयात पाच रात्री काढाव्या लागल्या. या मुक्कामात तिचे उपचार ज्यांच्या हाती होते, त्या हॉस्पिटलिस्ट डॉक्टरांच्या सेवेविषयी हे परीक्षण आहे. रुग्णालयाचे नाव देत नाही. आईवडिलांना इकडे बोलावणाऱ्या कुटुंबांना उपयोग होईल तो ही व्यवस्था कशी चालते हे कळण्याचा.

आपल्याकडे रुग्ण अमुक डॉक्टरांच्या नावाने दाखल होतो. ते सकाळ-संध्याकाळ राउंड घेतात, मधल्या वेळी ओपीडीत असतात आणि वॉर्डात निवासी डॉक्टर असतात. अमेरिकेतही पूर्वी फॅमिली डॉक्टरच दवाखाना उघडण्याआधी आपल्या दाखल रुग्णांना पाहून जात असत. हॉस्पिटलिस्ट मात्र बाहेर दवाखाना चालवत नाहीत. ते बहुधा इंटर्नल मेडिसिनचे, म्हणजे आपल्या एमडी मेडिसिनसारखे शिक्षण घेतलेले असतात आणि दाखल झालेल्या रुग्णांना पाहणे हेच त्यांचे पूर्ण वेळचे काम असते. रॉबर्ट वॉक्टर आणि ली गोल्डमन यांनी 1996 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील लेखात हा शब्द रूढ केला आणि पुढच्या 20 वर्षांत अशा डॉक्टरांची संख्या 50,000 च्या वर गेली.

आईला शनिवारी रात्री दाखल केले, तेव्हा रक्तातील ऑक्सिजन 88 टक्क्यांवर आला होता. रविवारी सकाळी आलेल्या हॉस्पिटलिस्ट बाईंनी छाती तपासून झाल्यावर पहिली विचारणा केली ती तिच्या भारतातून आणलेल्या औषधांची. मी डबा पुढे केला. त्यांनी एकेक पाकीट जेवणाच्या ट्रेवर उलटे मांडले आणि मागची बारीक अक्षरे वाचायला सुरुवात केली, कारण आपल्याकडची ब्रँडची नावे त्यांच्या संगणकात सापडत नव्हती. मधुमेहाच्या एकाच गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन, हे त्यांनी सुटे करून लिहून घेतले. तळाशी नाव पुसलेले एक अर्धे पाकीट होते. ते डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक निघाले. गुडघे दुखले की आई ती गोळी घेत असे आणि हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हते. मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे तिचे रक्तातील क्रिएटिनिन 1.6, म्हणजे वाढलेले, का आले, याच्या उत्तराचा एक भाग त्या पाकिटात होता. ती गोळी कायमची बंद झाली, टेल्मिसार्टन थांबवले आणि मधुमेहाच्या गोळीऐवजी रुग्णालयात असेपर्यंत इन्शुलिन सुरू झाले. पोटात रोज दिले जाणारे हेपॅरिनचे इंजेक्शन हे अंथरुणाला खिळल्यामुळे पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आहे, हेही त्यांनी न विचारता सांगितले. एवढ्या बारकाईने तिची औषधे यापूर्वी कोणी पाहिल्याचे मला आठवत नाही.

डॉक्टर त्याच इमारतीत असण्याचा अर्थ सोमवारी दुपारी कळला. तीनच्या सुमारास आईला एकाएकी धाप लागली. नर्सने निरोप पाठवला आणि त्या बाई थोड्याच वेळात खाटेशी उभ्या होत्या; एक्स-रे, रक्ततपासणी आणि ऑक्सिजन वाढवणे हे सारे तासाभरात झाले. दुभाष्याची सोयही त्यांनीच आग्रहाने करून घेतली. मी मुलगा असल्याने मीच भाषांतर करीन असे म्हटले, पण आजारी माणूस मुलांपासून काही गोष्टी लपवतो, असे सांगून त्यांनी फोनवर मराठी दुभाषी जोडला. रात्री अंथरुणातून उठताना आपण दोनदा तोल जाता जाता सावरलो, हे आईने तेव्हाच कबूल केले आणि त्याच दिवशी फिजिओथेरपिस्ट आले.

तक्रार आहे ती डॉक्टर बदलण्याविषयी. येथे अनेक हॉस्पिटलिस्ट सलग सात दिवस काम करतात आणि पुढचे सात दिवस रजेवर असतात. मंगळवारी सकाळी नवे डॉक्टर आले, पण ते येणार याची पूर्वसूचना आम्हाला कोणी दिलेली नव्हती. ताप उतरला, खाणे सुरू झाले की शिरेतील प्रतिजैविके बंद करून गोळ्या द्यायच्या, असे आधीच्या बाईंनी सांगितले होते. नव्या डॉक्टरांनी आणखी एक दिवस वाट पाहायचे ठरवले. रुग्णाला नव्याने पाहणाऱ्याने सावध राहावे हे मला मान्य आहे, परंतु आधीचा बेत त्यांना कळवला गेला होता की नाही, हे मी दोनदा विचारूनही स्पष्ट झाले नाही. डॉक्टर बदलणार असतील तर आदल्या संध्याकाळी तसे सांगणे, एवढे तरी रुग्णालयाला सहज जमले असते.

त्याहून गंभीर उणीव घरी सोडताना राहिली. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात एक लहान गाठ दिसली होती आणि ती काही महिन्यांनी पुन्हा तपासून पाहावी, असे डिस्चार्जच्या कागदांत पाचव्या पानावर लिहिलेले मला घरी आल्यावर आढळले. तोंडी कोणीही सांगितले नाही. इथल्या रुग्णाची अशी नोंद पुढे त्याच्या फॅमिली डॉक्टरकडे जाते. पाहुणी म्हणून आलेल्या आईचा येथे असा डॉक्टरच नव्हता. म्हणून पाचपैकी साडेतीन तारे देतो. केवळ वॉर्डातल्या देखरेखीचा विचार केला असता तर पाच दिले असते.

अशी वेळ आलीच, तर औषधांची मूळ पाकिटे सोबत न्यावीत, आपल्या डॉक्टरांची पाळी कोणत्या दिवशी संपते हे पहिल्याच सकाळी विचारावे, आणि निघण्यापूर्वी डिस्चार्जचे प्रत्येक पान डॉक्टरांसमोर वाचून, स्कॅनची सीडी मागून घ्यावी. आम्ही ती सीडी नंतर खेटे घालून मिळवली आणि साताऱ्यातील तिच्या डॉक्टरांकडे दिली. दुसऱ्या स्कॅनची तारीख त्यांनी आता ठरवून दिली आहे.