काच धुवायच्या पाण्याचे ४,१०० रुपये

गणपतीला दोन दिवस होते. डोंबिवलीहून पहाटे साडेचारला निघालो. मागे आई, डिकीत मखराचं सामान आणि गाडी २००९ सालची, जिला घरात सगळे 'म्हातारी' म्हणतात. पेणपर्यंत ठीक होतं. पुढे पाऊस थांबला आणि खरी पंचाईत सुरू झाली. पाऊस असतो तोवर काच निदान धुतली तरी जाते. तो थांबला की मुंबई-गोवा रस्त्यावरचा चिखल पुढच्या ट्रकच्या चाकांवरून थेट काचेवर येतो आणि वायपर फिरवला की गेरूने सारवल्यासारखं होतं. पाण्याची दांडी ओढली, तर घुर्र आवाज आला, पाणी काही आलं नाही.

"मोटर फिरतेय की रे," आई मागून म्हणाली. "मिक्सर चालू, पण वाटण खाली चिकटून बसलंय, तसं झालंय."

निदान तिने नागोठण्यालाच करून टाकलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बिसलेरीच्या बाटलीने काच धूत धूत माणगाव गाठलं आणि महाडच्या अलीकडे रस्त्याकडेच्या एका गॅरेजात गाडी घातली. नाव लिहीत नाही. तसंही बोर्डावर ऑइलची जाहिरात मोठी आणि गॅरेजचं नाव बारीक होतं.

"साहेब, समोर चहा घ्या, आजींचेही पाय मोकळे होतील. पाच मिनिटांत बघतो."

चहा पिऊन येतो तो बॉनेट उघडं. त्याने मला आत बसवून दांडी ओढायला लावली. चिडीचूप. घुर्र नाही की काही नाही. मग मला पुढे बोलावलं, हातात सुटा कपलर, म्हणजे मोटरला जोडायचं वायरचं टोक, धरला, पोऱ्याला दांडी ओढायला सांगितली आणि टेस्टलॅम्प, म्हणजे करंट असला की पेटणारा छोटा दिवा, लावून दाखवला. दिवा लागला. "करंट येतोय ना? आणि मोटर गप्प. म्हणजे मोटर मेली."

मला शंभर टक्के पटलं. कपलर त्याच्या हातात आहे म्हणजे तो मोटरला लावलेला नाही, मग मोटर वाजेल कशी, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मी चहाला गेल्यावर त्याने काय 'दुरुस्ती' केली असेल, तर तो कपलर उपसला.

पुढचा अर्धा तास बॉनेट आमच्या तोंडासमोर उभं. एकदा कॉम्प्रेसरच्या हवेचं फुस्स ऐकू आलं. मग पाण्याच्या धारा पार टपावरून गेल्या आणि आईनेसुद्धा टाळी वाजवली. मोटर १,४५०, उंदरांनी खाल्लेलं वायरिंग ८००, नोझल ६००, सिस्टिम फ्लश ३५०, मजुरी ९००. एकूण ४,१००, तेही रोख, कारण "इथे यूपीआयला रेंज नाही." जुनी मोटर मागितली, तर म्हणे भंगारात टाकली, ग्रीसने हात कशाला खराब करता. घरी पोचायची घाई होती. दिले.

तीन आठवड्यांत पुन्हा घुर्र, आणि पाणी नाही. या वेळी आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. त्यांनी गाडीला हात लावायच्या आधी मला विचारलं, "मोटर बदलली म्हणता, मग टाकी कुणी काढली होती?" आमच्या गाडीत काच धुवायच्या पाण्याची टाकी सोडवल्याशिवाय मोटर निघत नाही. टाकीच्या दोन्ही दहा नंबरच्या बोल्टांवर चिखल सुकून पापडी धरली होती, पाना लागल्याची खूणही नव्हती. काकांनी टाकी काढली. मोटर जुनीच, अंगावर ०९ कोरलेलं. वायरिंगला कुठे नवी टेपसुद्धा नव्हती. टाकीच्या बुडाला हिरवट, बुळबुळीत साय. त्यात माझाही हात होताच. फेस यावा म्हणून मी वर्षानुवर्षं बोअरच्या पाण्यात शांपूची पुडी फोडत आलो होतो. शेवाळ मोटरच्या जाळीत आणि क्षार नोझलच्या भोकात. गॅरेजवाल्याने बहुधा फक्त हवा मारली होती, ती तीन आठवडे पुरली.

काकांनी टाकी विसळली, जाळी टूथब्रशने घासली, नोझल रात्रभर व्हिनेगरमध्ये टाकायला सांगितले आणि सकाळी भोकात बारीक सुई फिरवली. २०० रुपये.

हे सगळं प्रकरण आहे तरी केवढं! एक प्लॅस्टिकची टाकी, तिच्या बुडाशी रबरात खोचलेली १२ व्होल्टची बोटभर मोटर, रबरी पाइप आणि बॉनेटवरचे नोझल. गॅरेजात जायच्या आधी टाकीत पाणी आहे ना बघा, इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, दांडी ओढा आणि कान द्या. मोटर गुणगुणली तर फ्यूज, स्विच, वायरिंग यांच्या नावाने एक रुपयाही देऊ नका, अडलंय ते पाण्याच्या वाटेवर. नोझलखालचा पाइप उपसून कुणाला तरी दांडी ओढायला सांगा. पाइपातून पाणी उसळलं तर नोझल तुंबलाय. नाही उसळलं तर पाइप कुठे दुमडलाय, फुटलाय की उंदराने कुरतडलाय ते बघत मोटरपर्यंत मागे या. मोटरच्या तोंडाशीही पाणी नसेल तर जाळी, आणि क्वचित खरोखरच मोटर. आवाजच नसेल तर आधी फ्यूज काढून बघा. टेस्टलॅम्प कपलरला लावून दाखवला तर पुढे तोच कपलर आपल्यासमोर मोटरला लावायला सांगा. टाकी कोरडी असताना मात्र मोटर ताणू नका, अशाने ती खरंच जळते.

आणि चहा गाडीजवळ उभं राहून प्या.

भाचीच्या सांगण्यावरून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करायचा ठरवला. बिल न देणं हीसुद्धा २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित प्रथा आहे, हे तिनेच सांगितलं. फोनआधी कागद हाताशी असावा म्हणून डॅशबोर्डातून त्याची ती चिठ्ठी काढली. कॅलेंडरच्या पानामागे पेनने आकडे, खाली सही नाही, शिक्का नाही, आणि वर लिहिलेला गाडीचा नंबर आमच्या म्हातारीचा नाहीच.