कोंबड्यांचा खाऊ: ज्वारीच्या कण्या की शिळा भात?
दोन्ही टाकून पाहा, कोंबड्या आधी भातावरच तुटून पडतात, मऊ असतो ना. पण मी तर कण्याच टाकतो. ज्वारीत १०० ग्रॅममागे १० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, शिजलेल्या भातात जेमतेम २-३, बाकी पाणीच जास्त, अन् उन्हाळ्यात तो लवकर आंबतो, बुरशी आली तर कोंबडी आजारी पडते.

आमची आजी जात्यावर ज्वारी भरडायची, मोठ्या कण्या ताकात शिजवायची, वरून लसणाची फोडणी, संगं जवसाची चटणी, अन् सुपातला बारीक चुरा अंगणात कोंबड्यांना, घरच्यांचं अन् त्यांचं जेवण एकाच जात्यातून निघायचं, काय चव होती त्या कण्यांना!

भात द्यायचाच तर ताजा, बिनमिठाचा, मूठभर. कण्याही दिवसाच्या खाण्याच्या १० टक्क्यांवर नको, अंड्यांसाठी लेअर फीड, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य, लागतंच.