अनबाउंड: घरातल्या डीएनएससाठी वर्षभर वापरून

लॅमिंग्टन रोडवरून गेल्या वर्षी नवीन मशीन जुळवून आणलं. रायझन ९ ७९५०एक्स, १६ कोअर, ३२ थ्रेड, ६४ जीबी डीडीआर५. रेंडरिंगचं काम झपाट्याने व्हायला लागलं, पण ब्राउझरमध्ये नवीन साइट उघडताना सुरुवातीला रखडायचं ते रखडायचंच. एवढे कोअर नुसते साइटच्या पत्त्याची वाट बघत बसलेले. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देतो तो डीएनएस. आमच्या ब्रॉडबँडवाल्याचा डीएनएस मंद तर होताच, वर खोटंही बोलायचा. नावात एक अक्षर चुकलं तर ‘असं नाव नाही’ हे उत्तर यायला हवं, त्याऐवजी त्यांचं जाहिरातीचं पान यायचं. याचा मला खरा राग आला.

म्हणून मुलुंडच्या घरात राउटरशेजारी एक रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक ठेवला आणि त्यावर घरचाच डीएनएस चालवणारं अनबाउंड टाकलं. नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्सचं हे सॉफ्टवेअर मोफत आहे, सोर्स खुला आहे. ते कोणा मधल्याला विचारत नाही, थेट रूट सर्व्हरपासून, म्हणजे नावांच्या उतरंडीत सगळ्यात वर असलेल्या सर्व्हरपासून, सुरुवात करून पत्ता शोधतं आणि डीएनएससेकची सही, म्हणजे उत्तर खरं असल्याचा डिजिटल शिक्का, तपासतं. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्कीने कॅशमध्ये, म्हणजे डीएनएस सर्व्हरने साठवलेल्या उत्तरांत, खोटा पत्ता घुसवणं किती सोपं आहे ते दाखवलं; अशा खोटेपणाला आळा घालणारी सही २०१० मध्ये रूट झोनवर, म्हणजे त्या सगळ्यात वरच्या यादीवर, आली. तपासणी सुरू आहे ना, हे बघायला मी डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग हे मुद्दाम बिघडवलेलं नाव विचारलं. उत्तर आलं, ‘सर्व्हफेल’, म्हणजे पत्ता देता येत नाही. इतका आनंद मला नवीन मशीन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही झाला नव्हता.

वेगाचं म्हणाल तर नवं नाव पहिल्यांदा विचारताना थोडा वेळ जातो, कधी शंभर मिलिसेकंदांच्याही वर. तेच नाव पुन्हा विचारलं की डिग या तपासणीच्या कमांडमध्ये क्वेरी टाइम शून्य किंवा एक मिलिसेकंद. ‘प्रीफेच’, म्हणजे मुदत संपायच्या आधीच उत्तर पुन्हा आणून ठेवणं, चालू केल्यावर नेहमीच्या साइटी कॅशमध्ये ताज्या राहतात.

आता त्रास. गणपतीला कोकणात जाताना मेन स्विच बंद केला होता. नऊ दिवसांनी परत आलो आणि आई म्हणाली, “अरे, आत्याला पोचल्याचं कळवायचंय, फोनवर काहीच चालत नाही.” सगळीकडे सर्व्हफेल. तासभर केबली तपासल्या, शेवटी पायवर ‘डेट’ टाइप केलं तर तारीख निघायच्या दिवसाची! पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. त्याच्या दृष्टीने आजच्या सह्या भविष्यातल्या, म्हणून त्या सगळ्या नामंजूर. आणि वेळ विचारायला टाइम सर्व्हरचं नाव शोधायचं, तर तेही अडलेलं. हाताने तारीख घातली तेव्हा सुटलं. पुढच्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन डीएस३२३१ हे घड्याळाचं छोटं मॉड्यूल आणलं, नाण्याएवढा सेल बसवला, पायच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ घातली. तेव्हापासून तक्रार नाही. पाय वापरणार असाल तर हे आधीच घ्या.

एक मात्र लक्षात ठेवा, सही म्हणजे गुप्तता नाही. तुम्ही काय विचारता ते ब्रॉडबँडवाल्याला दिसतंच. शिवाय कितीतरी मोठ्या साइटींनी अजून सही केलेली नाही, तिथे तपासायला काहीच नसतं. तुमच्याकडे ५३ पोर्ट, म्हणजे डीएनएसची नेहमीची वाट, अडवला जात असेल तर ८५३ वरून टीएलएसने, म्हणजे कुलूपबंद करून, प्रश्न दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवायची सोय अनबाउंडमध्ये आहे.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या संध्याकाळचा कापला, कारण लॉगमध्ये घड्याळाचं कारण सरळ दिसलं असतं तर आत्याचा फोन वेळेत लागला असता.