माटोळीच्या कार्डांसाठी वापरलेली पारदर्शक ॲसिटेट शीट

यंदा चतुर्थीला नातेवाइकांना पाठवण्यासाठी मी माटोळीची, म्हणजे गोव्यात गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीची, खिडकी असलेली भेटकार्डे केली आणि त्यासाठी म्हापशाच्या एका दुकानातून ए४ आकाराच्या दहा ॲसिटेट शीटचे पाकीट आणले. कार्डात कापलेल्या खिडकीमागे शीट चिकटवायची, तिच्यामागे फोम टेपची चौकट लावायची आणि मधल्या पोकळीत कागदाची लाल कवंडळे (माटोळीला बांधतात ती रानफळे), सुपाऱ्या व आंब्याची पाने सोडून मागची बाजू बंद करायची; कार्ड हलवले की आतली माटोळी हलते.

शीटची जाडी २०० मायक्रॉन आहे आणि माझ्या दृष्टीने हाच तिचा मोठा गुण आहे. प्रोजेक्टरसाठी मिळणारी साधारण १०० मायक्रॉनची शीट मी पूर्वी वापरली होती. ती बोट लागताच आत दबायची. ही शीट ताठ राहते. स्टीलच्या पट्टीला लावून कटर तीन वेळा हलक्या हाताने ओढला की कड स्वच्छ निघते. सात बाय नऊ सेंटिमीटरचे नऊ तुकडे एका शीटमधून बसतात, आणि टेपसाठी चारही बाजूंनी एक सेंटिमीटर सोडले तरी पाच बाय सात सेंटिमीटरची खिडकी मिळते.

पाकिटावर 'ॲसिटेट' असे छापलेले असले, तरी एका कोपऱ्यावर नेलपॉलिश काढण्याच्या ॲसिटोनचा थेंब टाकला तेव्हा शीट ना मऊ झाली, ना चिकट. खरे सेल्युलोज ॲसिटेट ॲसिटोनमध्ये विरघळते, त्यामुळे ही शीट बहुधा पॉलिएस्टरची असावी. उत्पादकाने ते स्पष्ट लिहायला हवे होते, कारण ग्राहकाला आपण काय विकत घेतो हे कळलेच पाहिजे. तरीही आपल्या पावसात हे पथ्यावरच पडले, कारण सेल्युलोज ॲसिटेट हवेतला ओलावा शोषून घेते, पॉलिएस्टर मात्र जवळजवळ शोषत नाही. श्रावणात कार्डाचा कागद किंचित वाकला, पण खिडकी सपाट राहिली.

चिकटवण्यासाठी पांढरा गोंद वापरू नये. शीटमधून पाणी उडून जात नसल्याने तो नीट सुकत नाही आणि त्याचे पांढरट डाग कडेने दिसत राहतात. डबल साइड टेपच योग्य. एम्बॉसिंग पावडर (वितळवून उठावदार नक्षी करण्याची पूड) वितळवण्यासाठी गरम हवा सोडणारी हीट गन धरली, तेव्हा शीट क्षणात सुरकुतली आणि एक पूर्ण कार्ड वाया गेले. उष्णता सहन होत नसल्याची सूचना पाकिटावर कुठेही नव्हती.

आतले कागदाचे तुकडे स्थिर विजेमुळे शीटला चिकटतात. चतुर्थीच्या दमट हवेत हा त्रास कमी जाणवला, पण नाताळाच्या कोरड्या दिवसांत तो वाढणारच. म्हणून नाताळाची कार्डे करताना खिडकीच्या आतल्या बाजूवर टाल्कम पावडर मऊ कापडाने अगदी पुसट फिरवून मगच कागदाच्या चांदण्या भराव्यात. त्या कार्डांसाठी मी याच जाडीचे पाकीट पुन्हा घेणार आहे, मात्र पैसे देण्याआधी शीट कशाची आहे ते दुकानदाराला विचारीन.