स्टीअरिंग की पाना? सांगलीच्या अभियंत्यापुढच्या दोन वाटा

कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या आणि मोटार शर्यतींचे वेड असलेल्या अभियंत्यापुढे या क्षेत्रात शिरण्याच्या दोन वाटा असतात: हौशी चालक म्हणून स्वतः शर्यतीत उतरणे, किंवा एखाद्या संघात तांत्रिक काम धरणे. दोन्ही एकदम करावे असे प्रत्येकालाच वाटते, परंतु रजा आणि पैसा दोन्ही मोजकेच असल्यामुळे आधी काय, हे ठरवावेच लागते.

चालक होण्याची सुरुवात जवळच होऊ शकते, कारण कोल्हापूरला गो-कार्टिंगचा चांगला ट्रॅक आहे. पुढचा टप्पा मात्र लांबचा आहे. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा परवाना काढावा लागतो आणि शर्यतींसाठी प्रामुख्याने दक्षिण गाठावी लागते. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टाईचा ट्रॅक सुमारे ३.७ किलोमीटरचा, तर कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे सुमारे २.१ किलोमीटरचा आहे. एलजीबी फॉर्म्युला ४ सारख्या वर्गात सर्वांच्या गाड्या एकाच बनावटीच्या असतात आणि संघाकडून हंगामापुरती जागा भाड्याने मिळते. त्यामुळे गाडी बांधण्याचा व्याप वाचतो, शिवाय हरल्यावर गाडीला दोष देता येत नाही. भाड्याचा आकडा आधी समजतो; अंदाज चुकतो तो सरावाचे टायर, प्रवास आणि गाडी आपटल्यावर आपल्या माथी येणारी दुरुस्ती यांचा.

घरची गाडी घेऊन शर्यतीत उतरण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडीच्या नेहमीच्या विमा पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगचाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. आंबा घाटात रात्री ‘सराव’ करणे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हाच आहे. घरच्याच गाडीने काही करायचे असेल, तर टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली योग्य ठरते, कारण तिथे नेमून दिलेला सरासरी वेग राखायचा असतो आणि उशिरा पोहोचल्याचा तसाच लवकर पोहोचल्याचाही दंड बसतो. आकडेमोडीची आवड असलेल्या माणसाला शेजारी बसून दिशा सांगण्याचे काम अधिक मानवते.

दुसऱ्या वाटेचे स्वरूप एका साध्या कामावरून लक्षात येईल. गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघाच्या कामाच्या जागेत, शिरताच, टायर निवायच्या आत, सुईसारखा तापमापक रबरात खुपसून प्रत्येक टायरचे तापमान आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन ठिकाणी घ्यायचे आणि वहीत उतरवायचे. मध्यभाग दोन्ही कडांपेक्षा गरम असेल तर हवा जास्त आहे, कडा गरम आणि मध्य थंड असेल तर हवा कमी आहे, आणि आतलीच कड फार तापली असेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा आतल्या बाजूचा कल, कमी करण्याचा विचार करायचा. बारा आकड्यांचे हे काम मिनिटभरात उरकावे लागते. कॉलेजात वर्षभर न उमगलेले सस्पेन्शन दोन दिवसांत समजू लागते ते इथे.

विद्यार्थी असाल, तर हीच तालीम फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धांत, मिळते. तिथल्या २२ किलोमीटरच्या एन्ड्युरन्स फेरीत मध्यावर चालक बदलतो आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरू करावे लागते. माझ्या कॉलेजच्या संघाचे इंजिन सुरू झालेच नाही. कारण शोधले तर बॅटरीच्या टर्मिनलचा बोल्ट ढिला निघाला. शेवटचा हात मीच फिरवला होता. तेव्हापासून आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची रेघ मारल्याशिवाय मी उठत नाही.

या वाटेवर पगाराची अपेक्षा मात्र बेताचीच ठेवावी, कारण काम हंगामी असते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षे फॉर्म्युला वन झाली, म्हणून त्या भरवशावर नोकरी सोडू नये. शनिवार-रविवारी मार्शल म्हणून झेंडे हाताळणे किंवा गाड्यांच्या सुरक्षा तपासणीत मदतनीस होणे, हा कमी खर्चाचा प्रवेश आहे.

माझा कौल असा: पंचविशी ओलांडलेल्या नोकरदाराने पहिला हंगाम पान्याचा करावा आणि दुसऱ्या हंगामात भाड्याची जागा घ्यावी. टायरचे आकडे वाचता येणारा नवखा चालक परत आल्यावर ‘गाडी बरोबर वाटत नाही’ एवढेच सांगून थांबत नाही, त्यामुळे विकत घेतलेला सरावाचा वेळ वाया जात नाही. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने मात्र हा क्रम उलटा धरावा, कारण त्याचे प्रतिस्पर्धी शाळेत असल्यापासून कार्ट चालवत आलेले असतात.

कोणतीही वाट धरली, तरी सोमवारची रजा आधीच मंजूर करून घ्यावी. कोइमतूरहून रात्रभर प्रवास करून सकाळच्या पाळीला मशीनपुढे उभे राहणे एकदाच जमते.